बुधवारच्या चिंतनाची दुरुस्ती

चिंतन सकाळी साडेपाच वाजता जात असे. अठरा वर्षांत त्यात एका दिवसाचाही खंड पडला नव्हता. पहिली नऊ वर्षे तो कागद चर्चच्या दाराशेजारच्या फळ्यावर टाचणीने लागायचा. पुढची नऊ वर्षे तो सहाशे चाळीस फोनवर जाऊ लागला. शब्द दोनशेवीस, त्याहून एक जास्त नाही. मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या रोजच्या उपासनेत, त्या दिवशी पवित्र शास्त्रातले जे वाचन असेल त्यावर चार ओळी, मग घरातला किंवा रस्त्यावरचा एखादा प्रसंग, आणि शेवटी एका वाक्याची प्रार्थना.

ते लिहिणारे निवृत्त उपसंपादक. वर्तमानपत्राच्या कचेरीत त्यांनी बत्तीस वर्षे इतरांच्या चुका काढल्या. आपल्या पानावर चूक राहिलीच, तर दुसऱ्या दिवशी त्याच पानावर, त्याच जागी, तेवढ्याच अक्षरांत दुरुस्ती छापायला लावली. ‘खुलासा’ या शब्दाचा त्यांना राग होता. खुलासा म्हणजे चूक आपली आणि गैरसमज वाचकाचा, असे ते म्हणत. कचेरीत त्यांच्यामागे त्यांचे नाव ‘दुरुस्ती’ असेच पडले होते. “दुरुस्ती आली, गप्पा आवरा,” असे लोक एकमेकांना खुणावत.

सोमवारी त्यांच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. डावा डोळा आधीच अधू. छापील ओळ त्याला मुंग्यांच्या रांगेसारखी दिसते. डॉक्टरांनी आठ दिवस वाचायचे नाही, लिहायचे नाही, असे बजावले. खरे तर शस्त्रक्रिया पुढच्या आठवड्यात होती. कोणा रुग्णाने ऐनवेळी नकार दिला म्हणून ती अलीकडे आली. मंगळवारपर्यंतची चिंतने लिहून तयार होती. बुधवार मात्र उघडा पडला.

यावर त्यांनी एक तोड काढली. मिस्सेतल्या रोजच्या पहिल्या वाचनाचे चक्र दोन वर्षांचे असते. यंदा जे वाचतात ते मागच्या वर्षी नसते, त्याच्या मागच्या वर्षी असते. म्हणजे दोन वर्षांपूर्वीचे चिंतन पुन्हा चालण्यासारखे होते, आणि प्रत्येक वर्षाची वही कपाटात होती.

“दोन वर्षांपूर्वीची वही घे,” ते मंगळवारी संध्याकाळी सुनेला म्हणाले. “तेरावा आठवडा, बुधवार. जसंच्या तसं टाईप कर आणि पहाटे पाठव. इकडचं अक्षर तिकडे करू नकोस.”

“आधी वाचून दाखवू का, बाबा?”

“नको. आपलंच लिहिलेलं ऐकायचं म्हणजे आपलंच घोरणं ऐकल्यासारखं वाटतं.”

सून औषधाच्या दुकानात काम करते. दिवसभर पाकिटांवरच्या तारखा पाहून मुदत संपलेली औषधे बाजूला काढणे हा तिच्या कामाचा भाग. तारखेच्या बाबतीत तिच्यावर भरवसा टाकायला काहीच हरकत नव्हती.

कपाटात अठरा वह्या एका ओळीत उभ्या होत्या. पुठ्ठ्यांवर क्रमांक नव्हते, फक्त प्रत्येक वही सुरू झाल्याची तारीख होती. सुनेने दोन वर्षांपूर्वीचे साल शोधले, वही काढली आणि तेराव्या आठवड्याचा बुधवार उघडला.

वाचन हागारचे होते. साराला मूल होत नव्हते तेव्हा तिनेच आपली दासी हागार नवऱ्याला, अब्राहामाला दिली. हागारला मुलगा झाला. पुढे सारालाही झाला, आणि एका अंगणात दोन मुलगे खेळू लागले. साराला ते खपेना. तेव्हा अब्राहाम पहाटे उठला, भाकर आणि पाण्याची मसक हागारच्या खांद्यावर ठेवली आणि माय-लेकरांना वाटेला लावले. रानात पाणी संपले. मूल रडू लागले. मग देवाने हागारचे डोळे उघडले आणि तिला जवळच एक विहीर दिसली.

उपसंपादकांनी विहिरीवर लिहिले होते. आपण रडत बसलेलो असतो आणि पाणी हाकेच्या अंतरावर असते, असा त्याचा रोख होता. त्यानंतर नेहमीप्रमाणे प्रसंग होता: “माझ्या माहितीतल्या एका घरात विधवा बहीण आपल्या मुलासह भावाच्या आश्रयाला राहत होती. एके दिवशी ती मुलाला घेऊन आपणहून बाहेर पडली. भावाने जड मनाने निरोप दिला. आज ती सुखात आहे. देव कुणालाही रानात सोडून देत नाही.”

सुनेला ही बहीण कोण ते लगेच कळले, जरी तिने तिला कधी पाहिले नव्हते. सासूबाई अकाली गेल्यावर आत्यांनी या घरात दोन मुले वाढवली, एक भावाचे आणि एक स्वतःचे. आणि चौदा वर्षांपूर्वी त्या आपणहून वेगळ्या राहायला गेल्या, एवढे तिला लग्न होऊन आली तेव्हाच सांगितले होते. लग्नाला आत्या आल्या नव्हत्या. पत्रिका पाठवली होती की नाही याबद्दल घरात दोन मते होती.

तिने चिंतन टाईप केले, दोनदा ताडून पाहिले आणि पहाटे साडेपाचला पाठवले.

पावणेसातला फोन वाजला. चर्चची व्यवस्था पाहणारा माणूस बोलत होता. मेणबत्त्या लावणे, वाचनाचे पुस्तक योग्य पानावर उघडून ठेवणे आणि घंटा वाजवणे ही त्याची कामे, म्हणून सगळे त्याला घंटावाला म्हणतात.

“काका उठलेत का?”

“अजून नाही. काय झालं?”

“झालं काही नाही. अठरा वर्षं मी वाट बघत होतो, ते झालं. वेदीवर आमोस आणि फोनवर हागार! मी पुस्तक तीनदा तपासलं. चूक माझी नाही.” त्याच्या आवाजात काळजीपेक्षा समाधान जास्त होते. “फादर म्हणाले, जाऊ दे, कोणाच्या लक्षात येणार आहे. पण म्हटलं, काकांना कळलेलं बरं.”

सुनेने घाबरतच सासऱ्यांना सांगितले. ते खाटेवर उठून बसले होते. उजव्या डोळ्यावर पट्टी होती.

“पुठ्ठ्यावर साल कोणतं आहे?”

तिने सांगितले. “दोन वर्षांपूर्वीचंच आहे की.”

“अगं, चर्चचं उपासना-वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. नाताळाच्या चार आठवडे आधी सुरू होतं. वही मी तेव्हाच सुरू करतो. दोन वर्षांपूर्वीच्या नाताळाआधी सुरू झालेली वही म्हणजे मागच्या वर्षाची वही. तुला तिच्या आधीची हवी होती.”

“मग तसं सांगायचं ना, बाबा!”

“सांगायला हवं होतं,” ते म्हणाले. “सूचना अपुरी होती. तुझी चूक नाही.”

सून रडवेली झाली होती ती थोडी सावरली. मग ते म्हणाले, “म्हणजे हागार गेली.”

“हो.”

“वाच.”

“तुम्हीच म्हणालात की घोरणं—”

“वाच.”

तिने वाचले. विहिरीपर्यंत ते मान डोलवत होते. ‘आपणहून बाहेर पडली’ या शब्दांवर मान थांबली. ‘जड मनाने निरोप दिला’ झाल्यावर ते म्हणाले, “पुरे. कागद घे. चूक साडेपाचला गेली, दुरुस्ती उद्या साडेपाचला, चिंतनाच्या वर. लिही: ‘काल या जागी दिलेले चिंतन चुकीच्या वर्षाच्या वाचनावर होते. कालचे वाचन आमोस संदेष्ट्याचे होते. चुकीबद्दल दिलगीर आहोत.’”

“आहोत? तुम्ही तर एकटेच आहात.”

“आजपासून तूही आहेस.”

ती हसली. मग कागदाची घडी घालता घालता तिने विचारले, “बाबा, आत्या आपणहूनच गेल्या होत्या ना?”

“थेंबांची वेळ झाली का?”

“थेंब आठ वाजता.”

“मग आठ वाजू देत.”

सासऱ्यांसाठी रजा काढून ती घरीच होती. दुपारी जेवताना तिने नवऱ्याला तेच विचारले. तो कारखान्यात दुसऱ्या पाळीला जातो, दोनला निघून रात्री परततो. घास तोंडात ठेवून तो म्हणाला, “मी तेव्हा प्लास्टरमध्ये होतो.”

“म्हणजे?”

“म्हणजे हात मोडला होता माझा. मी झोपून होतो. उठलो तेव्हा आत्या नव्हती.” त्याने पाण्याचा पेला तोंडाला लावला. “बाकीचं बाबांना विचार. त्यांच्याकडे सगळं लिहिलेलं असतं.”

चार वाजता दारावरची घंटा वाजली. दारात साठीची एक बाई उभी होती. अंगात इस्पितळाच्या धुलाई विभागाचा फिकट निळा कोट, हातात कापडी पिशवी. नाक हुबेहूब सासऱ्यांचे.

“तू सून ना? संपादक आहेत का घरात?”

“या ना, आत्या.”

“ओळखलंस? बरं झालं. मला वाटलं ओळखपत्र दाखवावं लागतंय.” तिने चपला दाराशी काढल्या आणि बाहेरच्या खोलीत आली. उपसंपादक खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. आवाज ओळखायला त्यांना डोळ्याची गरज पडली नाही.

“धाकटे,” ते म्हणाले.

“आले. बोलावल्यावर येतं माणूस.” ती समोर बसली. “डोळ्याला काय?”

“मोतीबिंदू.”

“आणि दुसरा?”

“तो पुढच्या महिन्यात.”

“म्हणजे अजून मला नीट पाहिलंच नाहीस.”

“ठिपक्याएवढी दिसतेस.”

“चौदा वर्षांपूर्वीही तेवढीच दिसायचे,” ती म्हणाली. पण आवाज चढलेला नव्हता. हे वाक्य तिने दहा वेळा मनात घोळवले असावे, आणि म्हणताना त्यातली धार गेली होती.

सून आत चहा टाकायला गेली. स्वयंपाकघराच्या दारातून सगळे ऐकू येत होते.

“रोज ऐकते मी तुझं,” आत्या सांगत होती. “वाचत नाही, फोन वाचून दाखवतो. सहाच्या मिस्सेला चालत जाते तेव्हा कानात तू असतोस. मागच्या वर्षी हागार ऐकली तेव्हा रस्त्यातच फोन बंद करून टाकला. आपणहून म्हणे! मग विचार केला, जाऊ दे, वाचनच ते होतं, त्यावर लिहिणं भाग होतं त्याला. आणि आज पुन्हा हागार. मी चर्चमध्ये जाऊन बसले तर समोर आमोस. सण नकोत, गाणी नकोत, न्याय पाण्यासारखा वाहू दे. दादा, तुझं वाचन कधी चुकत नाही. अठरा वर्षांत नाही. तेव्हा म्हटलं, हे सहाशे माणसांसाठी नाही. हे एकीसाठी आहे. यावर्षी हागारचं वाचन नव्हतं, तरी दादाने मुद्दाम तीच पाठवली. मला हाक मारायची हीच तऱ्हा त्याला जमली.” ती थांबली. “धुलाईत आज दिवसभर माझ्या चादरींच्या घड्या वाकड्या येत होत्या. तिथली मुकादम मी. पोरी हसत होत्या. शेवटी पाळी संपली तशी आले. बोलावलंस ना मला?”

सून चहाचे कप घेऊन दारातच थांबली. एक ‘हो’ पुरले असते. ते खोटे आहे हे या जगात फक्त दोघांना माहीत होते आणि त्यांतली एक ती होती. तिने सासऱ्यांकडे पाहिले आणि मनात म्हणाली, म्हणा, बाबा. एकदा म्हणा.

उपसंपादकांनी खुर्चीचे हात धरले.

“नाही,” ते म्हणाले. “चूक झाली.”

“कसली चूक?”

“वर्षाची. वही चुकीची निघाली. हागार मुद्दाम नाही पाठवली मी.”

“वही मी काढली, आत्या,” सून म्हणाली. “माझ्या हातून झालं.”

आत्याने एकदा हिच्याकडे पाहिले, एकदा त्यांच्याकडे. मग ती हसली, पण ते हसणे कोणाला सामील करून घेणारे नव्हते.

“बघ. आणि मी दिवसभर...” तिने पिशवी उचलली. “वय झालं की माणसाला फोनवरही चमत्कार दिसायला लागतात. चहा नको गं. बस चुकेल.”

ती दाराकडे गेली. एक पाय चपलेत घातला. ती आता गेली असती तर पुन्हा आली नसती, हे खोलीतल्या तिघांनाही माहीत होते. आणि उद्या साडेपाचला जाणारी तीन ओळींची दुरुस्ती अक्षरशः बरोबर ठरली असती.

“धाकटे, थांब,” उपसंपादक म्हणाले. “दुरुस्ती अर्धीच झाली आहे.” मग सुनेला म्हणाले, “सकाळचा कागद आण. त्याखाली लिही.”

सुनेने कप टेबलावर ठेवले आणि कागद घेतला. आत्या तशीच उभी राहिली, एक पाय चपलेत, एक बाहेर.

“‘त्याच चिंतनात एका बहिणीविषयी, ती आपणहून घराबाहेर पडली, असे म्हटले होते. ते खरे नाही.’ झालं?”

“झालं.”

“‘भावाने तिला जायला सांगितले.’”

“सांगितलं?” दारातून आवाज आला. “मला कोणी काही सांगितलं नाही. मी उठले तर माझं सामान दाराशी होतं. त्यावर कुठल्याशा भाड्याच्या खोलीचा पत्ता टाचलेला. तुझ्या अक्षरात.”

“ते खोड,” ते सुनेला म्हणाले. “‘भावाने पहाटे उठून तिचे सामान दाराशी ठेवले. दोन पिशव्या आणि स्टोव्ह.’”

“एक पिशवी. दुसरं माझ्या पोराचं दप्तर होतं, ते त्याने स्वतः भरलं. आणि स्टोव्ह नव्हता. स्टोव्ह आठ दिवसांनी पाठवलास, कचेरीतल्या शिपायाच्या हाती. अब्राहामाने निदान भाकर-पाणी स्वतःच्या हाताने दिलं होतं.”

“‘एक पिशवी,’” उपसंपादक म्हणाले. “स्टोव्ह काढ.”

सुनेने स्टोव्ह खोडला.

“‘घरातल्या दोन मुलांची मारामारी झाली होती आणि भावाच्या मुलाचा हात मोडला होता. भांडण बहिणीच्या मुलाने—’”

“ते लिहू नको,” आत्या सुनेला म्हणाली. “दोघं सोळाची होती. सोळाव्या वर्षी भांडणं काढावी लागत नाहीत, आपली आपण निघतात. तुझ्या नवऱ्याने माझ्याच हातचं खाल्लंय बारा वर्षं. त्याचा हात मोडला तेव्हा रात्रभर उशाशी मीच होते.”

“‘मारामारी झाली होती’ इथे थांब,” उपसंपादक म्हणाले. त्यांनी ओठ पुसले. “पुढे. ‘जड मनाने निरोप दिला, हेही खरे नाही. भावाला कामावर जायचे असल्यामुळे तो निरोपाला थांबू शकला नाही.’”

सुनेने मान वर केली. आत्याने चपलेतला पाय बाहेर काढला होता. ती खोलीत आली आणि भावासमोर उभी राहिली.

“दादा, तो सोमवार होता.”

“असेल.”

“सोमवारी तुझी सुट्टी असायची. बत्तीस वर्षं.”

कामावर जायचे होते, ही गोष्ट त्यांनी चौदा वर्षे धरून ठेवली होती. तिला दुजोरा देणारे दुसरे कोणी नव्हते आणि त्यांनी तो मागितलाही नव्हता. दुसऱ्याच्या बातमीत हे त्यांनी पाच मिनिटांत पकडले असते.

“त्या वर्षाची वही काढ,” ते सुनेला म्हणाले. “सतरावा आठवडा असावा. तारीख मी सांगतो.”

तारीख त्यांना पाठ होती. या वेळी सुनेने साल एकाने कमी धरून वही काढली. पान सापडले. वरच्या कोपऱ्यात, त्यांच्याच बारीक अक्षरात वार होता.

“सोमवार,” ती म्हणाली. “शुभवर्तमान मोहरीच्या दाण्याचं.”

“माहीत आहे मला,” आत्या म्हणाली. “जाताना फळ्यावर वाचलं होतं. चांगलं लिहिलं होतंस.”



“‘त्या दिवशी भावाला सुट्टी होती,’” उपसंपादकांनी सांगितले. ते नेहमीच्या वेगाने सांगत होते, प्रत्येक विरामाला थांबून. “‘तो कचेरीत जाऊन बसला.’”

“काय केलंस रे दिवसभर?”

“लोकांच्या चुका काढल्या.”

आत्याच्या नाकातून एक आवाज आला. हसू होते की दुसरे काही, ते सुनेला कळले नाही.

“‘हा भाऊ म्हणजे हे चिंतन लिहिणारा.’”

सुनेची पेन्सिल थांबली. “बाबा, सहाशे चाळीस लोक आहेत.”

“चूक किती लोकांना गेली?”

तिने लिहिले. मग सगळे पहिल्यापासून मोठ्याने वाचून दाखवले. खोडलेले वगळून शब्द मोजले. नव्वदाच्या आसपास होते. “उद्याच्या चिंतनाला सव्वाशेएक उरतात. काय लिहायचं?”

“उद्या कोणतं वाचन?” आत्याने विचारले.

“आमोसच,” उपसंपादक म्हणाले. “राजाच्या मंदिरातला पुरोहित त्याला म्हणतो, इथून चालता हो, तुझी भाकर तिकडे जाऊन खा.”

“मग आणखी काय लिहायचंय?”

ते विचारात पडले. अठरा वर्षांत दोनशेवीस शब्द कधी कमी भरले नव्हते. “काही नाही,” ते शेवटी म्हणाले. “एवढंच जाऊ दे.”

“प्रार्थना?” सुनेने विचारले. “शेवटी प्रार्थना असते.”

“ती सकाळची शेवटची ओळ खाली घे. ‘दिलगीर आहोत.’” मग त्यांनी हात वर केला. “आहोत नको. आहे कर.”

आत्याने निवलेला चहा उचलला, एका घोटात प्यायला आणि कप उलटा करून बशीवर ठेवला. लहानपणी दोघांची ती खोड होती, हे सुनेला नंतर कळले.

“माफ केलं असं समजू नकोस,” ती चपला घालताना म्हणाली. “विचार करीन. घाई नाही. चौदा वर्षं लागली तर कळवते.”

“मी तोवर असेन का?”

“मग डोळ्यांची काळजी घे.”

गुरुवारी साडेपाचला दुरुस्ती गेली. पावणेसातला घंटावाल्याचा फोन आला. सुनेने उचलला.

“वाचन तपासलं मी,” तो म्हणाला. “आमोस. बरोबर आहे.”

“बरं.”

“तेच सांगायला केला होता.” तो घुटमळला. “काकांना सांग, फादरनी आज प्रवचनात त्यांचं नाव घेतलं नाही. पण मिस्सा संपल्यावर बराच वेळ कोणी उठलंच नाही. मला दिवे मालवायला उशीर झाला.”

दुपारी चार वाजता घंटा वाजली. सून थेंबांची बाटली हातात घेऊनच दाराकडे गेली. आत्याने पिशवी खुंटीला अडकवली, मोरीत जाऊन कोपरापर्यंत हात धुतले आणि बाटलीवरची तारीख वाचली.

“आण इकडे. इस्पितळात मी हजार जणांच्या डोळ्यांत घालताना पाहिलंय.”

“तू धुलाईत असतेस,” खुर्चीतून आवाज आला.

“दारातून दिसतं सगळं. मान मागे कर. वर बघ.”

त्यांनी मान मागे केली. तिने पट्टी सोडवली, दोन बोटांनी पापणी धरली आणि बाटली वर केली.

“डोळा उघडा ठेव. मिटू नकोस.”

“मिटत नाही.”

“मिटलास,” आत्या म्हणाली. “पुन्हा.”